रिपोर्टमध्ये 'मेनिस्कस टिअर' आलंय? गादी कुठे आणि कशी फाटली, ते आधी पाहा

गुडघा दुखतो म्हणून एमआरआय काढला आणि 'मेनिस्कस टिअर' असे लिहून आले, की घरात पहिला प्रश्न येतो, 'आता ऑपरेशन का?' डॉक्टरांशी बोलणे कन्नडमध्ये होवो, हिंदीत की गुजरातीत, रिपोर्ट मात्र इंग्रजीतच असतो. त्यातले चार शब्द कळले तर निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. आतल्या बाजूची ती 'मीडिअल', बाहेरच्या बाजूची ती 'लॅटरल'. शरीराचा भार सांध्यावर पसरवणे हे त्यांचे काम. रिपोर्टमधले 'पीएचएमएम' म्हणजे आतल्या गादीचा मागचा भाग. या भागातली इजा बरीच आढळते.

ग्रेड म्हणजे काय?

ग्रेड 1 आणि 2 म्हणजे गादीच्या आत बदल दिसतो, पण तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही. याला फाटणे म्हणत नाहीत. ग्रेड 3 मध्ये तो पृष्ठभागापर्यंत पोचतो, म्हणजे गादी खरोखर फाटलेली असण्याची शक्यता असते. त्यामुळे 'ग्रेड 2' वाचून निम्मी गादी गेली, असे समजू नये.

कुठे फाटली?

मोठ्या माणसात गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला, साधारण 10 ते 30 टक्के भागाला रक्तपुरवठा असतो. हा 'रेड झोन'. इथले फाटणे भरून येऊ शकते, टाके घातले तर धरतात. आतल्या 'व्हाइट झोन'ला रक्तच नाही, म्हणून तिथे जखम भरणे अवघड. दोन्हींच्या मधला तो 'रेड-व्हाइट झोन'.

कशी फाटली?

• उभी चीर: गादीच्या गोलाईला धरून जाते. ती मोठी असेल तर आतला भाग बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्यात अडकतो. हीच 'बकेट हँडल टिअर'. गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही.
• रेडिअल: आतल्या कडेपासून बाहेर जाणारी चीर. खोल गेली तर भार पेलणारे धागेच तुटतात.
• आडवी: भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे गादीचे वरचा आणि खालचा असे दोन थर होतात. वयोमानाने झिजलेल्या गादीत ही बरेचदा दिसते.
• फ्लॅप किंवा 'पॅरट बीक': पोपटाच्या चोचीसारखा तुकडा सुटून लोंबतो.
• रूट टिअर: गादी हाडाला जिथे घट्ट बसलेली असते, तिथूनच सुटते. रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला तर थांबून राहू नये. गादी जागेवरून सरकते आणि सांधा लवकर झिजतो.
• कॉम्प्लेक्स: एकाहून अधिक प्रकार एकत्र.

कशामुळे फाटली?

कबड्डीत पाय रोवलेला असताना गुडघा पिळवटला, तर तरुण खेळाडूची चांगली गादी फाटते, कधी लिगामेंटसकट. पन्नाशीतल्या माणसाची मात्र झिजून, उकिडवे बसून उठतानासुद्धा फाटू शकते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या 2008 मधील अभ्यासात, गादी फाटलेल्या 61 टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिनलंडमध्ये झिजेने फाटलेल्या गादीच्या 146 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांची फाटकी कड कापली, बाकीच्यांवर नुसते नाटकी ऑपरेशन केले. 2013 मध्ये निकाल आला, तेव्हा वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणून अशा गुडघ्याला आधी व्यायाम, फिजिओथेरपी आणि वजनावर ताबा.

पूर्वी फाटलेली गादी सरळ काढूनच टाकत. त्यानंतर सांध्यात होणारे बदल फेअरबँक यांनी 1948 मध्ये नोंदवले. आता वाचवता येईल तेवढी गादी वाचवण्याकडे कल असतो.

डॉक्टरांना काय विचारावे?

कोणता झोन, कोणता प्रकार, इजेने की झिजेने, आणि टाके घालता येतील का? गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मालीश करून किंवा झटका देऊन सोडवायला जाऊ नये. लवकरात लवकर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.