वाटोळ्या चक्राशी भांडण

पायाने शिवणयंत्र चालवणाऱ्या गृहिणीला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. यंत्र कधीकधी असे अडून बसते की पावडीवर कितीही जोर द्या, चाक जागचे हलत नाही. मग ती उजव्या हाताने वरच्या चाकाला एक हिसका देते आणि काम पुढे सुरू होते. झालेले असते एवढेच, की पायाचा जोर आणि दांडा एका रेषेत आलेले असतात. जोर आहे, पण फिरवण्याच्या कामाचा नाही. यंत्रशास्त्रात या जागेला मृतबिंदू म्हणतात.

सायकलच्या प्रत्येक फेऱ्यात असे दोन मृतबिंदू येतात. एक पायडल सरळ वर आणि दुसरे सरळ खाली असले की पाय क्षणभर निरुपयोगी होतात. सपाट रस्त्यावर हे ध्यानातही येत नाही, कारण वेग आपल्याला पुढे ढकलून नेतो. पर्वतीच्या बाजूच्या चढावर डबलसीट जाऊन पाहा, म्हणजे तो क्षण किती लांबतो ते कळेल. हा क्षण चुकवण्यासाठी शोधक लोकांनी गेली सव्वाशे वर्षे जो खटाटोप चालवला आहे, त्याची ही हकीकत.

पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलीत पायडले थेट पुढच्या चाकालाच जोडलेली असत. त्या चाकाला रस्त्यावर धावायचे असल्यामुळे ते गोल असणे भागच होते. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली या इंग्रजाने रोव्हर सायकल बाजारात आणली. तिच्यात पायांनी फिरवायचे दातेरी चक्र वेगळे झाले आणि त्याचा जोर चेनवाटे मागच्या चाकाला मिळू लागला. या चक्राला रस्त्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याने फक्त चेन ओढायची. मग ते गोलच का असावे? ही शंका फार लवकर कुणाच्या तरी मनात आली असली पाहिजे, कारण १८९६ साली आर्चिबॉल्ड शार्प या अभियंत्याने सायकलींवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात लंबवर्तुळी चक्राचा विचार केलेला आहे.

युक्ती अशी. चक्र लांबट करायचे आणि ते असे बसवायचे की पाय खाली दाबत असताना चेन त्याच्या फुगीर बाजूवरून निघावी, आणि मृतबिंदू आला की चपट्या बाजूवरून. सायकलचा वेग एका फेऱ्यात फारसा बदलत नाही. त्यामुळे दाबाच्या वेळी पाय जरा संथ चालतो आणि मृतबिंदूवरून चटकन पुढे सरकतो. मात्र फुकटात काही मिळत नाही. चक्र गोल असो की लांबट, त्याला ४८ दाते असतील तर एका फेऱ्यात चेनच्या ४८ कड्याच ओढल्या जाणार. एकीकडे जे मिळाले ते दुसरीकडे फेडावे लागते. प्रश्न एवढाच, की ही देवघेव पायांना मानवते का?

कल्पना अधूनमधून डोके वर काढीत राहिली. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये थेटिक नावाचे असे चक्र निघाले. परंतु खरी गंमत घडली ती जपानात. ओसाकाजवळच्या साकाई गावच्या शिमानो कंपनीने १९८३ साली बायोपेस नावाचे चक्र आणले. त्याचा आकार संगणकाच्या मदतीने ठरवलेला होता. पण ते बसवले होते नेमके उलटे! दाबाच्या वेळी चपटी बाजू, आणि पाय खाली पोहोचत आला की फुगीर. कंपनीचे म्हणणे असे : खाली येणाऱ्या पायाला स्वतःची गती असते. ती वाया घालवू नका. शेवटी चक्र मोठे झाले की पाय मंदावतो आणि त्याची गती चेनमध्ये उतरते.

म्हणजे एका पंथाचे गुरू ज्याला औषध म्हणत, त्यालाच दुसरा पंथ रोग म्हणू लागला. आणि दोघांचेही भक्त सांगत की आम्हाला बरे वाटते! १९८० नंतरच्या दशकात बायोपेस कितीतरी सायकलींवर आले आणि पुढच्या दशकाच्या आरंभीच दिसेनासे झाले. त्याने गुडघे दुखतात अशी आवई उठली होती. सायकलींच्या बाबतीत ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या शेल्डन ब्राउन या अमेरिकन कारागिराला हे मुळीच पटले नाही. २००८ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या फिक्स चाकाच्या सायकलीलासुद्धा बायोपेस लावले होते. तिच्यात चेन थोडी सैल-ताठ होई, इतकेच. माझे मत विचाराल तर बायोपेसवर अन्यायच झाला. मात्र त्याने फायदा होतो हे सिद्ध झाले होते, असेही नव्हे. १९९२ साली कॅलिफोर्नियात मॉरी हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावलेल्या स्वारांना गोल आणि बिनगोल चक्रांवर चालवून त्यांच्या शरीराला पडणारे श्रम मोजले. नाव घेण्याजोगा फरक निघाला नाही.

पुढे जुना पंथ पुन्हा वर आला. २००८ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या कार्लोस सास्त्रेच्या सायकलला स्पेनच्या रोटर कंपनीचे लांबट चक्र होते. २०१२ साली ब्रॅडली विगिन्सने ती शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्याकडे जाँ-लुई तालो या फ्रेंच अभियंत्याचे ऑसिमेट्रिक होते. ख्रिस फ्रूमने तर २०१३, २०१५, २०१६ आणि २०१७ अशा चार शर्यती त्याच चक्रावर मारल्या. एवढ्यावर कोणीही म्हणेल, हाताच्या कांकणाला आरसा कशाला! पण फ्रूमच्याच संघातला गेरेंट थॉमस २०१८ साली साध्या गोल चक्रावर जिंकला.

आरशाचीही एक कथा आहे. स्वार किती शक्ती लावतो हे सांगणारी मापके क्रँकला बसवलेली असतात. त्यांतली पुष्कळशी एका फेऱ्यातला सरासरी जोर घेऊन त्याला सरासरी वेगाने गुणीत. लांबट चक्रात जोर सर्वांत जास्त असतो तेव्हाच पाय सर्वांत संथ असतो. त्यामुळे गुणाकार काही टक्के फुगून येई आणि नवे चक्र लावणाऱ्याला वाटे, आपण एका रात्रीत बलवान झालो! क्षणाक्षणाचा वेग मोजणारी मापके आली तेव्हा हा फुगवटा उतरला.

तरीही लांबट चक्र नामशेष झालेले नाही. डोंगरातल्या पायवाटांवर सायकल घालणाऱ्यांत त्याला मागणी आहे. सुट्या खडीच्या चढावर हिसक्यांनी मागचे चाक घसरते. ओढ जरा एकसारखी लागली तर ते जमीन धरून राहते. चढावर गुडघ्यांना सुख वाटते, असेही बरेच जण सांगतात. प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राला हे सुख दिसत नाही. पण रविवारी सकाळी टेकडी चढणारा माणूस यंत्रासाठी थोडाच चढतो?

सवयीची गोष्ट मात्र खरी. नवे चक्र लावले की पहिले काही दिवस पाय लंगडल्यासारखे चालतात. मग ते रुळतात, आणि चक्र लांबट आहे याचा विसर पडतो. अशा माणसाने पुढे कधी शेजाऱ्याची साधी सायकल मागून नेली, तर चार फेऱ्यांत तो खाली उतरतो आणि चेनव्हीलकडे वाकून पाहू लागतो. त्याला ते गोल चक्रच वाकडे लागत असते.