झाडाखालचे पारखी

सतराव्या शतकात ज्याँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या खरेदीसाठी अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली पॅरिसला छापून निघालं. विजापूरच्या आदिलशाही मुलखातल्या राओलकोंडा या खाणीच्या गावची एक हकीकत त्यात आहे. ती शिक्षकांनी तरी वाचायलाच हवी असं आम्हांला वाटतं.

गावच्या चौकात एक मोठं झाड होतं. व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षांची मुलं रोज सकाळी त्याखाली येऊन बसत. एका अंगाला हिरे तोलण्याच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या अंगाला कमरेला बांधलेली थैली. एखाद्याच्या थैलीत ५००-६०० होनही असत! कोणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात द्यायचा. तो पाहून शेजारच्याला देई, शेजारचा पुढच्याला. हिरा सगळ्यांच्या हातांतून फिरून परत येईपर्यंत कोणी चकार शब्द काढत नसे. मग हा म्होरक्या भाव विचारून सौदा करी. जास्त पैसे मोजले गेले, तर तो हिरा त्याच्याच गळ्यात. संध्याकाळी मुलं दिवसभराची खरेदी मांडून पाणी, वजन आणि स्वच्छपणा यांप्रमाणे हिरे वेगळे लावत, किंमत ठरवत आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकत. नफा सगळ्यांत वाटला जाई. म्होरक्याला थोडा अधिक.

पाणी म्हणजे हिऱ्याचा रंग आणि नितळपणा. आपण मोत्याला ‘पाणीदार’ म्हणतो, तेच हे पाणी. आज जगभर हिऱ्याची प्रत रंग, स्वच्छपणा, वजन आणि पैलू या चार गोष्टींवर ठरते. त्यांतल्या तीन त्या मुलांच्या हिशेबात होत्याच.

वजनाचा हिशेब तर त्याहून पुष्कळ जुना. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांचा भाव दिला आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ. वीस तांदूळ भरणाऱ्या हिऱ्याची किंमत दोन लाख. दहा तांदळांच्या हिऱ्याची किती? एक लाख नव्हे, चाळीस हजार. चार तांदळांच्या हिऱ्याची दोन हजार आणि दोन तांदळांच्या हिऱ्याची फक्त दोनशे. वजन एक-दशांश झालं, तर किंमत एक-सहस्रांश! ताव्हेर्निएचा नियम याहून सौम्य होता : वजनाचा वर्ग करायचा आणि एक कॅरटच्या भावाने गुणायचं. मोठे हिरे दुर्मीळ, म्हणून किंमत वजनापेक्षा वेगाने वाढते. वर्गात दोन्ही नियमांचे आलेख शेजारी-शेजारी काढून पाहावेत.

जुन्या रत्नशास्त्रांत उत्तम हिऱ्याला सहा टोकं, आठ बाजू आणि बारा धारा असाव्यात असं म्हटलं आहे. हा नेमका अष्टफलक, म्हणजे हिऱ्याच्या स्फटिकाचा नैसर्गिक आकार. तेव्हा पैलू पाडण्यापेक्षा अखंड स्फटिकालाच मान होता. अर्थशास्त्रात मात्र चांगला हिरा घाव सोसतो असंही म्हटलं आहे, आणि ते खरं नाही. कठीण म्हणजे चिवट नव्हे. हिरा काचेवर ओरखडा काढतो, पण घणाखाली ठरावीक पातळ्यांवर सहज दुभंगतो. या परीक्षेत किती खरे हिरे फुटले असतील कोण जाणे.

रंग पारखणं सर्वांत अवघड. युरोपात कच्चा हिरा दिवसा पाहत. इथले व्यापारी मात्र रात्री भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून, हिरा बोटांत धरून त्या उजेडात पाहत. अंधारात एकाच दिव्यापुढे आतल्या चिरा आणि डाग उठून दिसत असणार. पण दिव्याचा उजेड स्वतःच पिवळा, त्यात हिऱ्याची पिवळी झाक लपायचीही भीती. निळसर झाक ओळखायला हिरा दाट पानांच्या झाडाखाली हिरव्या सावलीत न्यायचा, असं ताव्हेर्निए सांगतो. ही झाक सर्वांत वाईट मानली जाई. गंमत अशी, की याच गृहस्थाने इथून नेलेला एक गडद निळा हिरा चौदाव्या लुईने विकत घेतला. पुढे कापला गेलेला तो हिरा आज ‘होप’ नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. निळा रंग बोरॉनमुळे येतो, पिवळा बहुधा नायट्रोजनमुळे.

चौथी गोष्ट, पैलू. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश योग्य कोनांच्या पैलूंवरून पूर्ण परावर्तित होऊन वरूनच बाहेर पडतो. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी या कोनांचं गणित मांडलं. त्याआधीच, १८५२ मध्ये, लंडनला कोहिनूर पुन्हा कापला गेला होता. सुमारे १८६ कॅरटचा हिरा सुमारे १०६ कॅरटचा उरला. चमकेसाठी एवढं वजन घालवणं वराहमिहिराच्या कोष्टकात बसलं नसतं!

कॅरटही गावोगावी वेगळा होता. १९०७ मध्ये तो २०० मिलिग्रॅम ठरला. १९५३ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने रंगाची श्रेणी ‘डी’ ते ‘झेड’ अशी लावली. ‘ए’पासून सुरुवात नाही, कारण बाजारातल्या जुन्या श्रेण्या ती अक्षरं वापरत. आता हिरा ठरावीक दिव्याखाली, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून पाहतात. एकट्याच्या मतावर भिस्त नसते. अनेक परीक्षक आपापलं मत स्वतंत्रपणे देतात. झाडाखालचा हिराही कोणी न बोलता सगळ्यांच्या हातांतून फिरायचा, तो याचसाठी असावा. पहिल्याने मत बोलून दाखवलं की दुसऱ्याला तेच दिसू लागतं.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांपुढे मात्र ही नजर थिटी पडते. त्यांतही कार्बनची तीच रचना आणि तोच कठीणपणा. भिंगातूनही फरक भरवशाने कळत नाही, वर्णपट घेणारी उपकरणं लागतात. बहुतेकांचा रंग आणि स्वच्छपणा इतका सारखा असतो, की २०२५ मध्ये याच संस्थेने अशा हिऱ्यांना ‘डी’ ते ‘झेड’ अशी श्रेणी न देता ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ एवढेच दोन वर्ग ठेवायचं जाहीर केलं.