दर्गा आणि तख्त
हैदराबादहून गुलबर्ग्याला गेलो की आपण मराठी मंडळीही ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात डोके टेकवतो. हा दर्गा किल्ल्यापासून दूर का, यामागे राजकारण आहे. फिरिश्ता सांगतो, फिरोजशहा बहमनीने मुलाला वारस नेमून ख्वाजांचा आशीर्वाद मागितला. तख्त तुमच्या भावाच्या, अहमदच्या नशिबी आहे, असे ते म्हणाले. चिडलेल्या सुलतानाने गर्दीचे निमित्त करून त्यांना किल्ल्याजवळून हलवले. १४२२ मध्ये अहमदच गादीवर बसला. त्याच वर्षी ख्वाजा वारले. पुढे अहमदशहाने राजधानी बीदरला नेली, इराणच्या शाह नियामतुल्लांचे वंशज तिथे आणले. ज्यांच्या शब्दाने तख्त मिळाले, त्यांचा दर्गा जवळ नको झाला असावा, असे आम्हाला वाटते. गंमत म्हणजे बीदरजवळ अष्टूरला अहमदशहाचीच कबर 'वली'ची ठरली. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. उरुसात जंगमांचा मान असतो.