हेन्ना ए
उकेत्सू या जपानी लेखकाची २०२२ मधील सचित्र रहस्यकादंबरी. शीर्षकाचा अर्थ ‘विचित्र चित्रे’. पांढरा मुखवटा घालून यूट्यूबवर वावरणाऱ्या या लेखकाने आपली खरी ओळख गुप्त ठेवली आहे. येथे चित्र ही सजावट नसून पुरावाच असतो. आईच्या खुनाबद्दल पकडल्या गेलेल्या मुलीने काढलेल्या घराला दार नाही, झाडाच्या फांद्या टोकदार आहेत, पण ढोलीत पक्षी सुरक्षित आहे. मानसशास्त्रज्ञ त्यावरून तिचे मन वाचते. अन्यत्र सुटी रेखाटने एकमेकांवर ठेवल्यावरच भयंकर अर्थ उलगडतो. पावतीमागे खरडलेले डोंगरचित्रही साक्ष देते. व्यक्तिचित्रण त्यामानाने पुसट आहे. याच लेखकाच्या आधीच्या ‘हेन्ना इए’मध्ये (२०२१) पुराव्याचे हेच काम घराचे नकाशे करतात: दार नसलेली बंदिस्त जागा, बिनखिडकीची मुलाची खोली. ‘हेन्ना इए’वर २०२४ मध्ये चित्रपट निघाला.