चाळीसगावचे वकील आणि आत्याचा एक एकर

दिवाळीत फैजपूरला गेलो होतो. बाबा आणि काकांनी शेतीची वाटणी एकदाची कागदावर आणायची ठरवलीय, त्यामुळे पत्र्याच्या पेटीतले जुने सातबारे, फेरफार वगैरे स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. (घरात एक आयटीवाला असला की प्रिंटरपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात!) त्या गठ्ठ्यात एक हक्कसोड पत्र सापडलं. १९९८ सालचं. आजोबा गेले त्याच वर्षी आत्याने जमिनीवरचा आपला हक्क दोन्ही भावांच्या नावे सोडून दिला. 'राजीखुशीने'. खाली आत्याची सही.

आता, हक्क सोडला म्हणजे मुळात तो होता. कुठून आला? पुण्याला परतल्यावर दोन शनिवार-रविवार ह्यातच गेले, आणि शोधता शोधता मी पोचलो आमच्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावला.

फैजपूर म्हटलं की लोकांना १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, नंदलाल बोसांनी सजवलेलं टिळकनगर... शाळेत हे इतक्या वेळा ऐकलंय की पाठ आहे. तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला: खंड कमी करा, शेतसारा कमी करा, कर्जातून सोडवा. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९३७ मध्ये, मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नांमुळे हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा आला. पण तो हिस्सा फक्त ती जिवंत असेपर्यंत. मुलीला त्यात काहीच नव्हतं.

मुलीच्या हिश्श्याचं विधेयक लोकसभेतून पार नेणारा माणूस म्हणजे हरी विनायक पाटसकर. जन्म १८९२, मूळचे इंदापूरचे, शिक्षण पुण्यात, आणि वकिली चाळीसगावला. आधी मुंबई कायदेमंडळ, मग संविधान सभा, आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जळगावचे खासदार. तालुक्याच्या कोर्टातली वकिली म्हणजे काय असते हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. बांध, वाटण्या, दत्तकपत्रं, सावकाराचे कागद! हिंदू कायदा ज्यांनी पुस्तकात वाचला आणि ज्यांनी अशा कोर्टात चालवला, त्यांच्यात फरक पडत असणार असं मला आपलं वाटतं.

हिंदू कोड बिलाचा इतिहास बहुतेकांना आंबेडकरांच्या राजीनाम्यापर्यंत ठाऊक असतो. बिल रखडलं, सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढे काय? पुढे नेहरूंनी एका मोठ्या बिलाचे चार तुकडे केले आणि ते एकेक करून आणले. तेव्हा कायदा मंत्रालयात मंत्री असलेले पाटसकर लोकसभेत त्यासाठी उभे राहिले. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला: एकच बायको, आणि घटस्फोटाची सोय. आपल्या मुंबई प्रांतात हे दोन्ही १९४६ आणि १९४७ सालीच आलेलं होतं. गदारोळ झाला तो बाकी देशात.

खरी अवघड गोष्ट होती जमीन. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. त्यात दोन गोष्टी फार मोठ्या. विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला, आणि बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क मिळतो तो मात्र मुलग्यांपुरताच ठेवला. मुलीला फक्त बापाच्या हिश्श्यातला हिस्सा.

म्हणजे किती? आमचंच उदाहरण घ्या. आजी आधीच गेलेली. नऊ एकर जमीन (हिशेबाला सोपी म्हणून नाही, खरंच नऊ!). आजोबा आणि दोन मुलगे, प्रत्येकी तीन एकर. आजोबांच्या तिनाचे तीन मुलांत तीन भाग. भावांना चार-चार एकर, आत्याला एक. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्माने हक्क दिला खरा, पण ज्यांची लग्नं आधीच झाली त्यांना वगळून. आत्याचं लग्न १९८६ चं. देशभर सगळ्याच मुलींना बरोबरीने धरायला २००५ उजाडलं, आणि त्यावरचा वाद सुप्रीम कोर्टाने मिटवला २०२० मध्ये.

आधी मला पाटसकरांचा रागच आला. वडिलोपार्जित जमिनीला हात लावला नाही म्हणजे शेतकरी घरात दिलं काय? आता तेवढा येत नाही. अख्खं बिल एकदम आणलं तर काय होतं हे १९५१ ला दिसलंच होतं. आमच्याकडे ह्याला फेज वन म्हणतात, जेवढं पास होईल तेवढं आधी लाइव्ह करा. फक्त इथे फेज टू यायला ४९ वर्षं लागली.

पाटसकर पुढे १९५७ ते १९६५ मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. आंध्र आणि मद्रासच्या सीमावादात मध्यस्थी केली, तिरुत्तणी मद्रासकडे गेलं ते त्यांच्याच निवाड्यामुळे. १९६३ ला पद्मविभूषण, नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, १९७० मध्ये निधन. असो.

काल आत्याला फोन केला. हक्कसोड पत्राचा विषय काढल्यावर ती हसलीच.

"अरे, आप्पा गेले, मग भाऊच राहिले ना माहेरी. त्यांच्याशी कशाला वाकडं? सगळ्याच करतात सही."

मी तिला नऊ एकरांचा हिशेब सांगितला. चाळीसगावच्या वकिलांचंही सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही.

"एक एकर होती होय? मला वाटलं, नुसतं नाव कमी करायचंय."

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. वाटणीच्या कागदावर सह्या पुढच्या महिन्यात आहेत.