मिरास

‘ही काय तुझी मिरासदारी आहे?’ फराळाच्या वेळी कोणी चकल्यांचा डबा अडवून बसला, की घरातून हा सवाल आलाच म्हणून समजावे. मिरासदारी म्हणजे मक्तेदारी, हाच अर्थ आज आपल्या कानांना सवयीचा झाला आहे. पण वाचकहो, या शब्दाने एके काळी साध्या कुणब्याच्या पायाखालची जमीन राखली होती.

‘मिरास’ मूळचा अरबी. वारस आणि वारसा ही त्याचीच भावंडे. फारशीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येथल्या मातीत मुरला. वडिलार्जित जमिनीचा कायम धनी तो मिरासदार; त्यालाच थळकरी म्हणत. कायम हक्कावाचून, ठरावाने जमीन कसणारा तो उपरी. आपला ‘उपरा’ त्याचाच सोयरा.

मिरासदाराचा हक्क मोठा चिवट. आपली जमीन तो स्वतः विकू शके. पण सारा भरीत आहे तोवर त्याला कोणी उठवीत नसे. सारा थकला, तरी निदान तीस वर्षे सरकारची बाकी चुकती करून जमीन परत मागण्याचा अधिकार त्याला असे, ही गोष्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नमूद केली आहे. दुष्काळात परागंदा झालेल्या कुटुंबाला केवढा हा आधार!

पुढे इंग्रजी अमलात नवी पाहणी झाली. मिरासदार आणि उपरी दोघेही सरकारदप्तरी खातेदार झाले. उपऱ्याला कायमपणा मिळाला, हे बरेच झाले. पण सावकाराच्या कर्जापायी, कोर्टाच्या हुकूमनाम्याने, जमिनींचे लिलावही होऊ लागले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यामागे हीच धग होती. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला.

तेव्हा डबा अडवणाऱ्याला मिरासदार म्हणताना एवढे ध्यानी असू द्यावे, की गाव सोडून गेलेल्यासाठी परतीची वाट मोकळी ठेवणारा हा शब्द आहे. मात्र ती वाट थळकऱ्याच्या लेकरांनाच खुली होती, उपऱ्याच्या नव्हे. आजच्या अर्थातला कडवटपणा कदाचित तेथलाच असेल. जो हक्क सर्वांचा नसतो, त्याला शेजारी मिरासदारीच म्हणतो.