शब्दवेध : गप्पी

गप्पी हे इंग्लंडमधील एक विरळ आडनाव. त्याचे मूळ नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात आहे. तेथे वूटन फिट्झपेन गावाच्या हद्दीत याच नावाची एक लहानशी वस्ती आहे. ‘गुप्पा’ हे जुन्या इंग्रजीतील व्यक्तिनाम आणि कुंपण घातलेल्या जागेचा वाचक शब्द मिळून ‘गुप्पाचे आवार’ असे हे स्थलनाम बनले. पुढे तेथील माणसांना तेच आडनाव पडले.

लोहारकामावरून आलेले ‘स्मिथ’ गावोगावी स्वतंत्रपणे रुजले, म्हणून ते देशभर आढळते. एकाच वस्तीतून निघालेले आडनाव मात्र संख्येने थोडे राहते आणि उगमाच्या आसपासच दाटते. गप्पीही प्रामुख्याने डॉर्सेट व शेजारच्या परगण्यांतले.

आडनावांच्या अशा भौगोलिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत याच आडनावाचे हेन्री ब्रॉम गप्पी अग्रणी होते. शेतकरी सहसा गाव सोडत नाहीत, हे हेरून त्यांनी परगणानिहाय शेतकऱ्यांची आडनावे मोजली आणि दर 10,000 मागे त्यांचे प्रमाण काढले. त्यांचा ग्रंथ 1890 मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडतात त्या गप्पी माशाचे नावही या आडनावावरूनच आले. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी त्रिनिदादहून लंडनला पाठवलेल्या नमुन्यांवरून आल्बर्ट ग्युंथर यांनी 1866 मध्ये माशाला त्यांचे नाव दिले. पीटर्स यांनी 1859 मध्येच त्याचे वर्णन केले असल्याने शास्त्रीय नाव ‘रेटिक्युलाटा’ ठरले. बोलीत गप्पीच टिकले.